पडून राहिलेला लिथियम पॅक पहिल्याच पल्सला का ढेपाळतो?

भोसरीकर: उंचावर जाणाऱ्या बलूनच्या टेलिमेट्रीसाठी (मोजमापे रेडिओने खाली पाठवण्यासाठी) आम्ही लिथियम-थायोनिल क्लोराईडचे डी आकाराचे चार सेल सीरिजमध्ये जोडून पॅक बनवला आहे. नवे सेल 2 अँपिअरच्या पल्सला, म्हणजे क्षणभराच्या मोठ्या भाराला, व्यवस्थित टिकले. मात्र एप्रिल-मे महिने पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेला पॅक जोडताच व्होल्टेज 9 च्या खाली गेला आणि ट्रान्समीटर रीसेट झाला. लोड काढल्यावर मल्टीमीटर साळसूदपणे 14.6 व्होल्ट दाखवत होता. सेल खराब समजावेत का?

पाषाणचा रसायनवाला: सेल खराब नसावेत. या रसायनात द्रव थायोनिल क्लोराईड लिथियमला थेट भिडते आणि धातूवर लिथियम क्लोराईडचा पातळ थर धरतो. त्याच थरामुळे सेल दहा-दहा वर्षे टिकतो, पण उष्णतेत तो जाड होतो आणि लोड आल्यावर तुटेपर्यंत व्होल्टेज दबलेला राहतो. दुसरे असे की आपले सेल बॉबिन रचनेचे (मध्ये एकच जाड कांडी असलेले) आहेत का? त्यांची क्षमता 17 ते 19 अँपिअर-तास असते, पण इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ कमी असल्याने 2 अँपिअर त्यांना भरवशाने झेपत नाही. गुंडाळी रचनेचा (पातळ इलेक्ट्रोड गुंडाळलेला) सेल 13 च्या आसपासच देतो, परंतु पल्स सहज पेलतो. कॅटलॉगमधला मोठा आकडा पाहून बहुतेक जण इथेच फसतात.

कोथरूड२२: मग थर्मल बॅटरी का घेऊ नये? ती वर्षानुवर्षे निष्क्रिय पडून राहते, त्यामुळे थराचा प्रश्नच येत नाही.

पाषाणचा रसायनवाला: तिच्यातले घन क्षार आतल्या ज्वलनशील मिश्रणाने वितळवावे लागतात, आणि एकदा पेटल्यावर ती काही मिनिटांतच संपते. क्षेपणास्त्राला ते चालते. तासन्‌तास तरंगणाऱ्या बलूनला नाही. याउलट, 1997 मध्ये निघून जानेवारी 2005 मध्ये शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरलेल्या हायगेन्स यानाच्या लिथियम-सल्फर डायऑक्साईड बॅटऱ्यांवर आधी ठरावीक लोड टाकून असाच थर मोडण्यात आला होता. आपणही उड्डाणापूर्वी उत्पादकाने सांगितलेला लोड तेवढ्याच वेळापुरता द्यावा. चार्जर मात्र कधीही लावू नये, आणि पॅक समांतर जोडल्यास प्रत्येक साखळीत उलटा प्रवाह अडवणारा डायोड हवाच.

भोसरीकर: सेल बॉबिनचेच निघाले. गुंडाळीचे मागवले आहेत, आणि यापुढे चाचणी नव्या सेलवर न करता शेडमध्ये उन्हाळा काढलेल्यांवरच करू.