होम थिएटरसाठी वापरलेला सर्ज प्रोटेक्टर घ्यावा का?

प्रश्न

माझ्याकडे प्रोजेक्टर, एव्ही रिसीव्हर, सबवूफर आणि सेट-टॉप बॉक्स अशी उपकरणे असून ती आजवर साध्या एक्स्टेंशन बोर्डावर चालत आली आहेत. गेल्या महिन्यात वीज जाऊन परत आली त्या क्षणी सबवूफरचा पॉवर सप्लाय जळाला, तेव्हापासून मी सर्ज प्रोटेक्टरच्या, म्हणजे विजेचा दाब अचानक उसळला तर उपकरणांना वाचवणाऱ्या पेटीच्या, शोधात आहे. एक गृहस्थ रॅकमध्ये बसणारा, आठ सॉकेटांचा आणि सात वर्षे वापरलेला प्रोटेक्टर नव्याच्या निम्म्या किमतीत द्यायला तयार आहेत. त्यावर २,००० ज्यूल असा आकडा छापलेला आहे, हिरवा दिवाही लागतो, आणि जोडलेल्या उपकरणांवरची कंपनीची हमी मला मिळेल असे ते सांगतात. हा व्यवहार करावा का, आणि करायचा झाल्यास आधी काय तपासून घ्यावे?

प्रतिसाद १

त्या पेटीच्या आत संरक्षण नेमके कशाने होते, हे आधी विचारून घ्या. बहुतेक प्रोटेक्टरांत झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात, त्यांना व्हॅरिस्टर म्हणतात. नेहमीच्या विद्युतदाबाला त्यांतून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही, पण दाब ठरावीक मर्यादेपलीकडे उसळला की त्या तत्क्षणी वाहू लागतात आणि उपकरणाकडे निघालेला तडाखा स्वतःवर घेतात. हे काम फुकट होत नाही. प्रत्येक मोठ्या तडाख्यागणिक चकती थोडी झिजते, तिचा गळतीचा प्रवाह वाढतो, ती गरम राहू लागते, आणि एक मिलिअँपिअर प्रवाह ज्या दाबाला वाहतो तो दाब मूळ मूल्यापासून १० टक्के ढळला की ती निकामी धरली जाते. ज्यूलचा आकडा म्हणजे या चकत्या तडाख्यांतली किती ऊर्जा झेलू शकतात त्याचे माप; म्हणून २,००० ज्यूल हा आकडा ती पेटी नवी होती त्या दिवसाचा आहे. सात वर्षांत त्यातले किती उरले, हे बाहेरून कोणालाही सांगता येणार नाही.

हिरव्या दिव्यावर तर मुळीच विसंबू नका. अनेक प्रोटेक्टरांत तो दिवा एवढेच सांगतो की चकतीच्या जोडीचा थर्मल फ्यूज (जास्त तापल्यावर उडणारा फ्यूज) अजून उडालेला नाही. मी स्वतः असा एक जुना प्रोटेक्टर उघडला होता: तीन चकत्यांपैकी एकीचे निळे आवरण कडेने तपकिरी पडून तडकले होते, खालच्या बोर्डावर काजळीचा डाग होता, आणि प्लग लावल्यावर दिवा मात्र स्वच्छ हिरवा लागत होता. राहता राहिली हमी; ती सहसा मूळ खरेदीदारापुरतीच असते, तेव्हा तिची किंमत शून्य धरून चला.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र वापरलेले सगळेच त्याज्य असे मी म्हणणार नाही. काही प्रोटेक्टर सिरीज पद्धतीचे असतात: त्यांत मुख्य तारेत एक मोठी कॉइल बसवलेली असते, ती तडाख्याची तीव्र चढण रोखून धरते, आणि कपॅसिटर ती ऊर्जा साठवून सावकाश सोडतात. ज्या रचनेत झिजणाऱ्या चकतीवर भिस्त नसते, ती पेटी दहा वर्षे वापरलेली असली तरी मी विचारात घेईन. कॉइलमुळे ती हाताला चांगलीच जड लागते. सॉकेट सैल झाले आहेत का आणि भार दिल्यावर गुणगुण ऐकू येते का, एवढे पाहा.

मागच्या बाजूची पाटी मात्र कोणत्याही परिस्थितीत वाचा. १२० व्होल्टसाठी बनवलेल्या पेटीतल्या चकत्या साधारण १३० ते १५० व्होल्टच्या असतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते, त्यामुळे अशी पेटी तिथे लावताच चकत्या सतत वाहू लागतील आणि आग लागण्याचा धोका निर्माण होईल.

प्रतिसाद ३

आपण सर्वजण पेटीविषयी बोलत आहोत, पण प्रश्नकर्त्याच्या घरी अर्थिंग ठीक आहे का? चकती फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेली असली आणि भिंतीच्या सॉकेटातला अर्थ कुठेच पोहोचत नसला, तर तडाख्याला निघून जायला वाटच उरत नाही. आधी इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या.

दुसरे, विजेची तार हा एकमेव मार्ग नाही. माझा रिसीव्हर उत्तम प्रोटेक्टरवर असताना गेला, कारण तडाखा डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या तारेने रिसीव्हरमध्ये शिरला. बाहेरून येणाऱ्या केबलचे संरक्षणही त्याच अर्थला जोडलेले असायला हवे. शिवाय न्यूट्रल (पुरवठ्यातली परतीची तार) तुटून दाब बराच वेळ चढलेला राहिला, तर चकती फक्त जळते. त्यासाठी पुरवठा तोडणारा ओव्हरव्होल्टेज रिले वेगळा लागतो. वीज परत येताना झालेले तुमचे नुकसान त्याही प्रकारचे असू शकते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपल्या सांगण्यावरून मी पाटीचे छायाचित्र मागवले. त्यावर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेले आहे. ते गृहस्थ ती पेटी दाब उतरवून देणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवत होते, आणि हे आमच्या बोलण्यात आलेच नव्हते. माझा पुरवठा २३० व्होल्टचा असल्यामुळे मी त्यांना नकार कळवला असून उद्या अर्थिंग मोजण्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावले आहे. ओव्हरव्होल्टेज रिले मुख्य बोर्डात बसवावा की फक्त या एका सॉकेटापुरता, याविषयी आपले मत कळवल्यास त्याच वेळी ते कामही करून घेईन.

प्रतिसाद ३

मुख्य बोर्डात बसवा, म्हणजे घरातली इतर उपकरणेही त्याच्या संरक्षणाखाली येतील. फक्त रिले आणि त्याचा कॉन्टॅक्टर (रिलेच्या इशाऱ्यावर पुरवठा जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) घराचा पूर्ण भार पेलण्याइतके आहेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या.