मदत हवी आहे: खिडकीच्या उजेडात लेकराचा अर्धा चेहरा निळसर येतो

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. पुतणी अडीच वर्षांची आहे. फ्लॅश चमकला की आजीच्या पदरात तोंड लपवते, म्हणून फक्त खिडकीच्या उजेडात तिचे फोटो काढतो.

घर कवेलूचं, भिंती निळ्या. माजघराला उत्तरेकडे एकच लहान खिडकी. कॅमेरा जुना, लेन्स ५० एमएम, एफ १.८, म्हणजे कमी उजेडातही चालणारी.

डिसेंबरात याच खोलीत कापूस भरला होता, पार आढ्यापर्यंत. अंगाला खाज सुटते म्हणून पोरीला त्यात खेळू देत नव्हतो, पण ढिगासमोर बसवून चार फोटो काढले. काय सांगू! गालावरची लव दिसत होती, बुबुळात खिडकीचा इवलासा चौकोन. कापूस विकला आणि ते सगळं गेलं. आता खिडकीकडचा गाल छान येतो, दुसरा काळपट निळा. बल्ब लावला तर तोच पिवळा होतो. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १६००, शटर उघडं राहतं १/६० सेकंद. तिने हात हलवला की बोटं पुसट. ढिगाचं काम दुसऱ्या कशानं होईल? तिचं हे वय पुन्हा यायचं नाही, म्हणून कळकळीनं विचारतोय.

उत्तर:
दादा, कापूस दोन कामं करत होता. उजेड परत फेकत होता आणि निळी भिंत झाकत होता. त्या बाजूला पांढरंशुभ्र धोतर टांगा, तिच्यापासून हात-दीड हातावर, फोटोत दिसणार नाही असं. बल्ब बंदच ठेवा. ती खिडकीपासून किती लांब बसते? सहा फुटांवरून तीनवर आणली तर एवढ्याशा खिडकीचा उजेड जवळपास चौपट होतो, म्हणजे आयएसओ तोच ठेवून शटर १/२५० करता येईल आणि बोटं पुसट येणार नाहीत. खाली जमिनीवर नको, बाजेवर बसवा. उजेड वरून पडला की डोळ्यांखाली काळं येतं. आणि हातात काहीतरी द्या, बस म्हटल्यानं लेकरं बसत नाहीत.

विचारणारा:
सहा फूटच असेल, भिंतीला टेकवून बसवत होतो. आबाजीचं धोतर आईनं आताच नीळ न घालता धुतलंय. उद्या सकाळी बाज खिडकीशी ओढतो, तिला मुरमुऱ्यांची वाटी देतो आणि फोटो इथं टाकतो.