दापोलीत टीव्हीचं दुकान: यंदाच्या गणपतीला ३२ इंची भरू की ४३? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात माझं इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान आहे. पंखे, मिक्सर, फ्रिज सगळं ठेवतो, पण वर्षाची खरी कमाई होते ती गणपतीच्या तोंडावर जाणाऱ्या टीव्हींवर. ऑर्डर लवकरच द्यायची आहे आणि वितरक ४३ आणि ५५ इंचीसाठी मागे लागलाय. "शहरात आता ३२ कोण घेतो? मोठ्यावरचा टॅक्स उतरलाय, मोठेच भरा," असं त्याचं म्हणणं. मला ते पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही.

टॅक्सचं त्याचं खरं आहे. ३२ इंचापर्यंतच्या टीव्हीवर जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच जीएसटी आहे. त्यावरच्या मापांना २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. मूळ किंमत २५,००० धरली तर जो टीव्ही ३२,००० ला पडायचा तो आता २९,५०० ला पडतो. गेल्या वर्षी गणपती होते २७ ऑगस्टला. १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी उतरणार असं ऐकल्यावर गिऱ्हाईक यायचं, ४३ इंचीसमोर उभं राहायचं आणि "उतरला की बघू" म्हणून जायचं. टॅक्स उतरला घटस्थापनेच्या दिवशी. तोवर चाकरमानी घराला कुलूप लावून मुंबईला परतलेले. म्हणजे कमी टॅक्सचे हे पहिलेच गणपती, आणि गेल्या वर्षीच्या वहीवरून यंदाचा अंदाज बांधता येत नाही.

शिवाय आमच्याकडे पैसा प्रत्येकाच्या हातात वेगवेगळ्या वेळी येतो, हे वितरकाला कितीदा सांगितलं तरी त्याच्या गळी उतरत नाही. आंब्याचा पैसा मे अखेरीस येतो आणि पावसाआधी डागडुजी, खत, मजुरी यात बराचसा जातो. हर्णैच्या बंदरावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत तिथलं गिऱ्हाईक दुकानात फिरकतही नाही. यंदा अधिक महिना आल्याने गणपती १४ सप्टेंबरला आहेत. बंदी उठल्यापासून मध्ये सहा आठवडे मिळतात, गेल्या वर्षी चारही नव्हते. मासळी बरी लागली तर बंदरावरचं गिऱ्हाईक यंदा रोखीने ४३ घेईल असं मला वाटतं. पण वाटण्यावर माल भरायचा म्हणजे भांडवल अडकवायचं.

चाकरमान्यांचा हिशोब निराळाच. घर वर्षातले कितीतरी महिने बंद. मुलं म्हणतात मोठा स्मार्ट घेऊ, पण गावी राहते एकटी आई, तिच्याकडे वायफाय नाही आणि तिला सह्याद्री वाहिनी आणि एखादी मालिका पुरते. महिन्याचं रिचार्ज नको म्हणून कित्येक घरांवर दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशची छत्री आहे. मागे एक मुलगा आईला घेऊन आला होता. तो रिझोल्यूशन विचारत होता आणि आजी मला म्हणाल्या, "बाबा, एकाच रिमोटवर चालणारा दे. दोन रिमोट मला जमत नाहीत." टीव्हीचा रिमोट एक, सेट-टॉप बॉक्सचा वेगळा, आणि चुकून बटण दाबलं गेलं की पडद्यावर 'नो सिग्नल'. मग त्या शेजारच्या पोराला हाक मारतात. आतच सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीचं मानक बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) २०२२ मध्येच काढलंय. फ्री डिशची वायर थेट मागे लावायची, बॉक्सच नको. असे टीव्ही कोणी प्रत्यक्ष विकले किंवा वापरले आहेत का? अशा आयांसाठी मला ते मनापासून ठेवायचे आहेत.

आणि इथल्या दमट, खाऱ्या हवेत मोठा टीव्ही किती तगतो? विक्रीनंतर कंपनीचा माणूस लांबून यायचा, तोवर शिव्या मी खाणार. रायगड आणि सिंधुदुर्गातल्या मंडळींचाही अनुभव हवा आहे.

प्रतिसाद १ (मांडव्याकाठी)

अलिबागकडे बघून ऑर्डर देऊ नका. इकडे ५५ आणि त्याहून मोठे जातात, पण ते मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांत. त्यातलेही बरेच जण रो-रो बोटीने गाडी आणतात आणि टीव्ही मुंबईहूनच टाकून आणतात. इथल्या दुकानदाराच्या वाट्याला भिंतीवर बसवायचं काम तेवढं येतं.

प्रतिसाद २ (तारकर्लीवाला)

आमचा होमस्टे आहे. खोल्यांसाठी ३२ च घेतो, फ्री डिश जोडतो. पाहुणे दिवसभर समुद्रावर आणि रात्री मोबाइलवर. स्वतःचं अकाउंट टीव्हीवर उघडं टाकून जातात ती कटकट वेगळी. पण आमची खरेदी गणपतीला नसते, दसऱ्याच्या सुमारास, हंगाम सुरू व्हायच्या आधी. मुरूड, कर्दे, लाडघर हा पट्टा तुमच्या हाताशी आहे. तिथल्या लोकांशी आत्ताच बोलून ठेवा, गणपतीत उरलेले ३२ तिकडे निघतील.

प्रतिसाद ३ (कुडाळचा मेकॅनिक)

टीव्ही दुरुस्तीत माझं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

टीव्ही मोठा म्हणून लवकर बिघडत नाही. पण मोठ्याचं पॅनेल वॉरंटीनंतर गेलं तर खर्च नव्या टीव्हीच्या आसपास जातो, आणि गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगायला हवं. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना माझ्याकडे येणारे बहुतेक टीव्ही विजेने गेलेले असतात. लोक प्लग काढतात आणि छत्रीची वायर तशीच ठेवतात. छतावरून आलेला झटका त्या वायरने बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने थेट मेन बोर्डवर. पोर्ट काळा पडलेला दिसतो. स्टेबिलायझर याला काही करू शकत नाही. गडगडायला लागलं की प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढायची, हे बिलाबरोबर लिहून द्या. ट्यूनर आत असलेला टीव्ही विकलात तर दुप्पट बजावून सांगा, कारण तिथे झटका आधी सोसायला बॉक्सही नसतो.

बंद घरात खारी हवा कनेक्टरवर हिरवी पुटं चढवते. टीव्ही खोक्यात घालून ठेवण्यापेक्षा गावातल्या कोणीतरी आठवड्यातून तासभर चालू केलेला बरा, आतली ओल उडते.

आणि भिंत बघा. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर मातीचा गिलावा असेल तर स्क्रूचा प्लग नुसत्या गिलाव्यात बसतो, चिऱ्यापर्यंत पोचतच नाही. ४३ निभावेल, ५५ चं वजन मी तिथे टांगणार नाही. टेबलावर ठेवा म्हणावं.

धागाकर्ता

काका, छत्रीच्या वायरीचं उद्याच छापून घेतो, मोठ्या अक्षरात. तारकर्लीवाले दादा, दसऱ्याची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती, कर्द्याला या आठवड्यात जाऊन येतो.

तूर्त असं ठरवतोय: दहातले सहा ३२, चार ४३, आणि ५५ फक्त आगाऊ रक्कम दिली तरच मागवायचा. हर्णैची मासळी पहिल्या पंधरवड्यात कशी लागते ते बघून ४३ ची दुसरी खेप. वितरक दोन खेपांना तयार होत नाहीये, स्कीम एकरकमी मालावरच आहे म्हणतो. कोणी गुहागर किंवा मंडणगडचे दुकानदार इथे असतील तर मिळून एक ऑर्डर देता येईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि आतल्या ट्यूनरचा टीव्ही विकल्याचा किंवा वापरल्याचा अनुभव अजून कोणीच सांगितला नाही, तो प्रश्न तसाच उभा आहे.