नवशिक्याने पहिला ड्रिल संच कोणता घ्यावा?

वाकडचा रहिवासी

नमस्कार. आम्ही नुकतेच वाकडमधील एका नव्या इमारतीत राहायला आलो आहोत. पडद्यांचे रॉड, भिंतीवरचे दोन-तीन शेल्फ आणि मुलीच्या अभ्यासाचे साधे टेबल ही कामे स्वतः करावीत असा विचार आहे. मात्र हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर यांपलीकडे माझा हात कशावरही बसलेला नाही. शंभर नगांच्या पेटीसह मिळणारे विजेवरचे इम्पॅक्ट ड्रिल घ्यावे, की बॅटरीवरचे १२ व्होल्टचे, हे ठरत नाही. एका दुकानदाराने तर १८ व्होल्टचेच घ्या, पुन्हा बघावे लागणार नाही, असा आग्रह धरला. थोडे पैसे वाढवल्यास ग्राइंडरही असलेला संच मिळतो. माझ्यासारख्याला यांपैकी काय झेपेल?

हौशी सुतारीण, कोथरूड

आपण कौशल्याबद्दल विचारले आहे, पण माझ्या मते आधी भिंत कशाची आहे ते पाहायला हवे. आपल्या भागातील अनेक नव्या इमारती मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभ्या केलेल्या असतात आणि त्यांच्या आतल्या भिंतीही बहुधा काँक्रीटच्याच असतात. इतर इमारतींत एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक सापडतात, तर आमच्याकडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये वीट. बिल्डरच्या कागदपत्रांत याचा उल्लेख नसेल, तर कपाटामागे जिथे दिसणार नाही तिथे कोणाकडून तरी ड्रिल मागून आणून सहा मिलिमीटरचे एक छिद्र घेऊन पाहावे. प्लास्टर संपल्यावर लाल भुकटी पडू लागली तर वीट समजावी. पांढरट, मऊ भुकटी भराभर पडून बिट विनासायास आत गेले तर ब्लॉक आहे; तिथे हॅमर, म्हणजे ड्रिलची ठोके देण्याची सोय, बंद ठेवूनच भोक पाडावे, नाहीतर ते मोठे होऊन गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) सैल बसते. बिट थोडेसे आत जाऊन जागच्या जागी फिरत राहिले, टोक तापले आणि चिमूटभर करडी धूळच बाहेर आली, तर ते काँक्रीट.

काँक्रीट निघाले, तर नवशिक्याने साधेच यंत्र घ्यावे हा नेहमीचा सल्ला उलटा करावा लागतो. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके निर्माण करतात; हे ठोके हलके असतात आणि आपण मागून किती रेटतो यावर त्यांचा जोर अवलंबून असतो. नवखा माणूस अधिकाधिक रेटत जातो, मनगट हलते, भोक लंबगोल होते आणि गिट्टी त्यात नुसतीच फिरते. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने ठोका देतो, त्यामुळे यंत्र सरळ धरून ठेवणे एवढेच आपले काम उरते. दिसायला ते ठेकेदाराचे यंत्र वाटले, तरी काँक्रीटच्या भिंतीसाठी नवशिक्याला तेच सोपे जाते. अर्थात, आठ-दहा भोकांसाठी ते विकत घेऊ नये. एका दिवसाच्या भाड्याने आणावे आणि सगळी भोके त्याच दिवशी पाडून घ्यावीत.

बोहरी आळीतला हार्डवेअरवाला

ताईंचे म्हणणे रास्त आहे. मी स्वतः विक्रेता असूनही सांगतो, की शंभर नगांच्या पेटीतील बहुतेक नग कधी हातात घेतले जात नाहीत आणि त्यांतली बिटे बऱ्याचदा मऊ लोखंडाची असल्याने दोन-चार स्क्रूंतच त्यांच्या कडा झिजतात. त्याऐवजी सुटे यंत्र घ्यावे आणि कार्बाइड टोकाची सहा व आठ मिलिमीटरची बिटे, लाकडासाठी दोन-तीन बिटे आणि स्क्रूसाठी दोन नंबरची चांगली स्टार बिटे वेगळी घ्यावीत.

यंत्र हातात घेऊन तीन गोष्टी तपासाव्यात. ट्रिगर जसा दाबाल तसा वेग वाढला पाहिजे, उलटे फिरण्याची सोय हवी आणि बॅटरीच्या यंत्रावर आकडे असलेली क्लचची रिंग हवी. नवशिक्यासाठी क्लच फार महत्त्वाचा आहे, कारण ठरावीक जोर लागताच तो कटकट आवाज करून सुटतो, त्यामुळे स्क्रू प्लायमध्ये खोल घुसत नाही आणि त्याचे डोकेही खाल्ले जात नाही. लहान आकड्यापासून सुरुवात करून एकेक घर वाढवत जावे.

व्होल्टबाबत म्हणाल, तर टेबल जोडण्यासाठी १२ व्होल्टचे यंत्र पुरेसे असते. ते हलके असल्याने स्टुलावर चढून वापरतानाही हात भरून येत नाही. काही कंपन्या खोक्यावर २० व्होल्ट मॅक्स असे छापतात, ते आणि १८ व्होल्ट एकच. बॅटरीतले पाचही सेल पूर्ण भरलेले असतानाचा २० हा आकडा आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही, म्हणून पुढे जिगसॉ (वरखाली होणाऱ्या पात्याची करवत) किंवा सँडर (लाकूड घासायचे यंत्र) घेण्याचा विचार असेल, तर त्या कंपनीची तीही यंत्रे त्याच बॅटरीवर चालतात का, हे आधी विचारावे.

भोसरी, मेंटेनन्स विभाग

ग्राइंडरच्या संचाला माझा स्पष्ट विरोध आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेतो आणि त्याला क्लच नसतो. लोखंड कापायची सवय नसलेला माणूस घरी तो वापरणार तरी कशासाठी? मग कोणीतरी लाकूड कापायची दातेरी चकती आणून बसवतो, ती फळीत अडकते आणि यंत्र उसळून अंगावर येते. ग्राइंडरचे गार्ड काढून काम करणारे कारागीर आपल्या सर्वांच्या पाहण्यात असतील. ते पाहून शिकू नये.

प्लाय कापायचा असेल, तर भवानी पेठेतील काही दुकाने मापाने कापून देतात. मापे मिलिमीटरमध्ये लिहून न्यावीत. नंतर हात बसल्यावर जिगसॉ घेता येईल. त्याचे नेहमीचे पाते वर येताना कापते, म्हणून सनमायका लावलेली बाजू खाली ठेवावी, म्हणजे कपच्या दर्शनी बाजूला उडत नाहीत. कोणत्याही यंत्राबरोबर डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा आधी घ्यावा. ड्रिल चालवताना मात्र हातमोजे घालू नयेत, कारण फिरत्या बिटात ते गुंडाळले जातात.

वाकडचा रहिवासी

सर्वांचे आभार. शेजाऱ्यांचे ड्रिल आणून पाहिले. करडी धूळच निघाली. तेव्हा १२ व्होल्टचे यंत्र विकत आणि रोटरी हॅमर एका दिवसाच्या भाड्याने, असे ठरवले आहे. एक शंका उरते: काँक्रीटमध्ये विजेचे पाइप गाडलेले असतात, ते कसे टाळावेत?

हौशी सुतारीण, कोथरूड

स्विचबोर्डच्या, दिव्याच्या व एसीच्या पॉइंटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये. मात्र ओतलेल्या भिंतीत पाइप तिरपेही गेलेले असू शकतात, म्हणून बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्यावा. त्या खोलीचा एमसीबी बंद करून दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन आणावे. भोक किती खोल जावे हे ठरवणारी पट्टी यंत्राला लावून गिट्टीच्या लांबीपेक्षा थोडेसेच आत जावे. मध्येच बिट लोखंडावर अडकले, तर ती सळई असते. रेटत न बसता भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवावे.