पहिलं वाफेचं इंजिन डुलतंच असावं, कास्टिंगचं किट नको

घरगुती_टर्नर
परवा एका नवख्याने विचारलं की पहिलं मॉडेल स्टीम इंजिन कुठलं बनवू, आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या गळ्यात स्टुअर्ट कंपनीच्या टेन व्ही या छोट्या इंजिनाचं कास्टिंग किट (म्हणजे ओतीव भाग, ते आपण कापून-घासून मापात आणायचे) मारलं. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून हा धागा. माझं म्हणणं, पहिलं इंजिन ऑसिलेटिंग करा, म्हणजे ज्यात सिलिंडरच पिनवर डुलतो आणि डुलता डुलता वाफेची भोकं आपणच उघडतो-मिटतो. व्हॉल्व्ह नाही, तो हलवणारी एक्सेंट्रिक चकती नाही, पिस्टनचा रॉड सरळ रेषेत ठेवणारं क्रॉसहेड नाही. पितळेचा ठोकळा, स्टीलचा रॉड, एक स्प्रिंग, एक फ्लायव्हील, संपलं. ठोकळा बिघडला तर दुसरा कापा, कास्टिंग बिघडलं की बसा वाट बघत. आणि बॉयलरचं पहिल्या वर्षी नावही काढू नका, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवा.

बीडाची_भुकटी
साफ असहमत. डुलतं इंजिन म्हणजे खेळणं. चार दिवसांत होतं, आठव्या दिवशी फळीवर जातं आणि तिथेच धूळ खातं. टेन व्ही काही अवाढव्य नाहीये, पाऊण इंच बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), पाऊण इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), तीन इंची फ्लायव्हील, छोट्या लेथवर आरामात बसतं. आणि त्यात खऱ्या इंजिनात असतं ते सगळं आहे, वाफ पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी, सरकून वाफेची वाट उघडणारा-मिटणारा स्लाइड व्हॉल्व्ह, रॉडभोवतीची वाफ अडवणारं ग्लँडचं पॅकिंग. एक्सेंट्रिक जरा जरा फिरवत व्हॉल्व्ह सेट करताना वाफ कधी आत जाते, कधी बंद होते हे जे डोक्यात बसतं ते शंभर डुलती इंजिनं करून बसणार नाही.

घरगुती_टर्नर
खेळणं म्हणे! १८५८ साली पाण्यात उतरलेल्या ग्रेट ईस्टर्न जहाजाची चाकं फिरवणारी इंजिनं डुलतीच होती. सिलिंडरचा बोअर ७४ इंच, स्ट्रोक १४ फूट. एवढं खेळणं कुठल्या फळीवर ठेवता बघू.

बीडाची_भुकटी
अहो पण अर्धीच गोष्ट सांगताय. त्या बोटींच्या इंजिनात वाफ पोकळ ट्रनियनमधून, म्हणजे सिलिंडर ज्यावर डुलतो त्या आसांतून, आत यायची आणि सिलिंडरवर स्लाइड व्हॉल्व्ह असायचेच. डुलायचं कारण एवढंच की कनेक्टिंग रॉड वाचतो आणि जागा कमी लागते. तुमच्या दोन भोकांच्या युक्तीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट ग्रेट ईस्टर्न माझ्याच बाजूने बोलतेय :)

घरगुती_टर्नर
बरं, हा मुद्दा तुमचा. पण रॉड वाचतो म्हणजे एक भाग कमी होतो की नाही, मी तरी दुसरं काय म्हणतोय.

कानसवाली
दोघांचं चालू दे, मी मधे बोलते. डुलतं सोपं असतं हे अर्धसत्य आहे, सोपं दिसतं असं म्हणा. माझ्या पहिल्या इंजिनाचा क्रँक थ्रो (क्रँकशाफ्टपासून क्रँकच्या पिनपर्यंतचं अंतर) ८ मिमी, डुलायची पिन क्रँकशाफ्टपासून ४० मिमीवर, म्हणजे सिलिंडर दोन्हीकडे साडेअकरा अंश डुलणार. सिलिंडरचं भोक डुलायच्या पिनपासून १२ मिमीवर, तर ते मधल्या रेषेपासून फक्त २.४ मिमी सरकतं. त्याच्यासमोर प्लेटवर दोन भोकं, एक वाफ आत घेणारं, एक बाहेर सोडणारं. आता डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन टोकाला असताना, सिलिंडरचं भोक बरोब्बर मधे येतं तेव्हा त्या दोन्हींपैकी कुठल्याच भोकाला चिकटायला नको, म्हणजे भोकं २.४ च्या आतच हवीत. मी २.५ चं ड्रिल मारलं, हाताशी तेच होतं म्हणून! एक दशांश मिमीने काय होतंय असं वाटलं. तर इंजिन फिरायचं पण प्रत्येक फेऱ्यात दोनदा फुस्स, वाफ आतून थेट बाहेर. दोन संध्याकाळ सिलिंडर प्लेटवर दाबून धरणारी स्प्रिंग घट्ट करत बसले, दोष स्प्रिंगचा नव्हताच. शेवटी भोकांत पितळेचे तुकडे डाग देऊन बसवले, तोंड पुन्हा सपाट केलं आणि २.२ ने मारलं. तेव्हा कुठे नुसत्या फुंकरीने फिरलं.

बीडाची_भुकटी
बघा, भूमितीच करायची तर मग व्हॉल्व्ह गिअरचीच (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेची) करा ना ताई.

कानसवाली
दादा, माझी चूक दोन पितळी तुकड्यांत मिटली. तुमच्या सिलिंडर ब्लॉकमध्ये पोर्ट, म्हणजे वाफेची वाट, तिरका गेला असता तर?

अर्धवट_किट
माझं उत्तर माझ्या नावातच आहे. मी उत्साहात पहिलंच कास्टिंग किट घेतलं. बीडाच्या कास्टिंगला वरून कडक साल असते, वाळू असते, हे कुणी सांगितलं नव्हतं, मी आपला घाबरत घाबरत केसाएवढा कट घेत होतो आणि एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलची धार दर दोन मिनिटांनी गायब. पहिला कट खोल घ्यायचा, टूल सालीच्या खालून गेलं पाहिजे, हे नंतर समजलं. पण खरा घोळ पुढेच. चौकोनी बारमध्ये माप कुठून धरायचं हा प्रश्नच नसतो, कास्टिंगमध्ये एकही बाजू सरळ नाही, मग पहिली बाजू कुठली सपाट करायची? मी चुकीची धरली. बोअर आणि पोर्टची बाजू समांतर आली नाही. किट ड्रॉवरमध्ये आहे, ड्रॉवर उघडत नाही मी.

शिट्टी
हवेवर चालतं ते वाफेचं इंजिन कसलं राव, सायकलचा पंपच म्हणा. गरम तेलाचा वास नाही, सुरू करताना सिलिंडरमधलं पाणी थुंकणं नाही. बॉयलर हवाच.

कानसवाली
हवा तर विकत घ्या, टेस्ट केलेला. पहिला बॉयलर स्वतः करणारे हटकून कथिलाने जोडतात. साधं शिसं-कथील १८३ अंशाला पातळ व्हायला लागतं, तीन बार प्रेशरची वाफ साधारण १४४ अंशाची, आणि त्याच्या बरंच आधीपासून तो जोड मऊ पडत जातो. त्यात पाणी कमी होऊन पत्रा उघडा पडला तर विचारूच नका. चांदीचं सोल्डर ६०० च्या वर वितळतं म्हणून ते वापरतात. आणि टेस्ट थंड पाण्याने घ्यायची, चालवायच्या प्रेशरच्या दुप्पट. पाणी दबत नाही, जोड सुटला तर पायावर पाणी सांडतं. हीच टेस्ट हवेने केली तर पत्र्याचे तुकडे उडतात.

शिट्टी
विकतचा घेईन. पण धूर काढणार म्हणजे काढणारच.

नवशिक्या
नमस्कार, परवाचा प्रश्न माझाच होता. सगळं वाचलं, निम्मं समजलं. एक सांगायचं राहिलं, माझ्याकडे लेथ नाहीये. ड्रिल स्टँड, हेक्सॉ, दोन कानशी आणि आटे पाडायच्या टॅपचा एक सेट आहे.

बीडाची_भुकटी
अरे मग आधी सांगायचं नाही का!! तरी माझं मत तेच, स्टुअर्टची मशीनिंग केलेली किटं पण मिळतात, आणून जोडायची.

घरगुती_टर्नर
जोडणं म्हणजे बनवणं नव्हे. नवशिक्या, तू ऐक. सिलिंडरला पितळेची तयार नळी घे, पिस्टन ड्रिलच्या चकमध्ये धरून कानसेने उतरव, फ्लायव्हील कुठल्याही जुन्या यंत्राचं जड चाक चालेल. जपायची जागा दोनच, डुलायच्या पिनचं भोक प्लेटला काटकोनात हवं (त्यासाठीच स्टँड, हातात ड्रिल धरायचं नाही) आणि एकमेकांवर घासणारी दोन तोंडं, सिलिंडरचं आणि प्लेटचं, सपाट हवीत. काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेव, थेंबभर तेल, आणि सिलिंडरचं तोंड आठच्या आकड्यात घासत राहा. तोंडावर आधी मार्करने रेघा मार, सगळ्या एकदम गेल्या की सपाट झालं.

कानसवाली
आणि भोकं २.२ ची. तुझी मापं वेगळी असली तर आधी हिशोब टाक, मग ड्रिलला हात लाव.

नवशिक्या
माझ्याकडे २ आणि २.५ ची ड्रिलं आहेत.

कानसवाली
२ चं लाव. २.५ चं लपवून ठेव.

बीडाची_भुकटी
झालं की फोटो टाक. फळीवरचाच टाकशील म्हणा.