नकाशात तण दिसतं, पण फवारणी भलतीकडेच पडते

काळीमाती: सोयाबीन १८ दिवसांचं, दोन ओळींत ४५ सेंमी. ड्रोनवरच्या मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने (डोळ्याला न दिसणारा प्रकाशही टिपणाऱ्या) ४० मीटरवरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा नकाशा केला, एक पिक्सेल २ सेंमीचा. नकाशात सगळंच हिरवं! त्यावरून ट्रॅक्टरच्या बूमने (फवारणीच्या दांड्याने) सेक्शन कंट्रोल वापरून, म्हणजे दांड्याचे भाग आपोआप चालू-बंद करून, तणनाशक फवारलं तर मीटरभर चुकतंय. बूमचा एक सेक्शन ३ मीटरचा.

पिक्सेलपाटील: एनडीव्हीआय हिरवं आणि माती वेगळी करतो, पीक कुठलं, तण कुठलं, हे त्याला कळत नाही. शिवाय दोन पानांचं तण जेमतेम १-२ सेंमी, म्हणजे तुमच्या नकाशात एक पिक्सेल. साधा २० मेगापिक्सेलचा, १ इंच सेन्सरचा कॅमेरा १० मीटरवरून साधारण २.७ मिमीचा पिक्सेल देतो. मात्र ५ मी/से वेग आणि १/१००० सेकंद शटर असेल तर फोटो ५ मिमी घासला जातो, धूसर होतो, उंची कमी केल्याचा फायदा तिथेच गेला. १/२००० ठेवा, वेगही निम्मा करा. एकसारखं ढगाळ आभाळ उत्तम, कारण लांब सावल्या पुढे घोळ घालतात.

मग प्रत्येक पिक्सेलचं २×हिरवा − लाल − निळा काढून माती वगळा, ओळी आखा, ओळीभोवतीचा १० सेंमी पट्टा पीक धरा. बाहेरचं हिरवं ते तण. पट्ट्यातलं तण सुटतं, ते पायी फिरून मोजावंच लागतं.

नोझल११०: चूक मीटरभर, पण कुठल्या दिशेला? जाता-येता दोन्ही वेळा एकाच बाजूला असेल तर नकाशाच सरकलाय. ड्रोन आणि ट्रॅक्टर दोघांना एकाच बेसचं (जमिनीवरच्या स्थिर केंद्राचं) आरटीके, म्हणजे सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस द्या. साध्या जीपीएसमध्ये १.५ ते ३ मीटर फरक नेहमीचाच. जाताना पुढे आणि येताना उलट्या बाजूला असेल तर सेक्शनचा व्हॉल्व्ह उशिरा उघडतोय. ताशी ८ किमी म्हणजे २.२ मी/से; अर्धा सेकंद उशीर म्हणजे १.१ मीटर.

काळीमाती: दिशेप्रमाणे बदलतंय.

नोझल११०: मग कंट्रोलरमध्ये चालू होण्याचा आणि बंद होण्याचा वेळ वेगवेगळा भरा, दोन्ही सारखे नसतात. साध्या पाण्यावर तपासा.

पिक्सेलपाटील: बचतीचा हिशोबही आधीच करा. २० सेंमीच्या झुबक्याला चहूबाजूंनी अर्धा मीटर मोकळीक दिली तरी १.४४ चौमी होतात. तुमच्या सेक्शनएवढ्या ३ बाय ३ मीटरच्या चौकटीत तेच ९ होतात. हेक्टरी मात्रा मात्र कमी करायची नाही, कमी करायचं ते फक्त क्षेत्र. आणि नकाशा दोन-तीन दिवसांत वापरा, तण थांबत नाही.