ताईबरोबर यवतेश्वरचा घाट पळायचाय, सल्ला हवा

आम्ही साताऱ्याचे, शाहूपुरीतले. ताईला कॉलेजात ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा आजार, झाला होता. "उपास फार करते" एवढंच घरी बोललं जायचं. आता ती बरी आहे, पंगतीत बसून पोटभर जेवते. आम्ही दोघांनी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून अशा रुग्णांच्या उपचारासाठी पैसे जमवावेत, ही तिचीच कल्पना. मला तिचा फार अभिमान वाटतो, पण धास्तीही आहे. २१ किलोमीटरच्या सरावात खाण्याचं आणि वजनाचं जुनं मोजमाप परत सुरू झालं तर?

कृष्णाकाठ: मी आहारतज्ज्ञ आहे, कराडला. आधी तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि हाडांची घनता तपासून घ्या. या आजारात हाडं विरळ होतात आणि वजन भरलं तरी ती लगेच सावरत नाहीत. घाट उतरताना भार त्यांच्यावरच येतो. पाळी चुकू लागली तर सराव थांबवून डॉक्टरांना गाठा. उपाशीपोटी पळणं अजिबात नको.

घाटवाट: घड्याळातला कॅलरीचा आकडा बंद करून टाका. आणि देणगीच्या आवाहनात तिचे आजारपणातले फोटो कृपा करून टाकू नका. तसे फोटो बघून दुसरी एखादी मुलगी स्वतःची तुलना करत बसते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. ताईने सगळं वाचलं. फोटोंबद्दल तिचंही हेच मत होतं. तपासण्या झाल्याशिवाय नाव नोंदवायचं नाही, असं ठरलंय. डॉक्टर नको म्हणाले तर मी एकटा पळेन आणि आवाहन ती लिहील.